सोळा मीटर तारेचा हिशेब

खोक्यात विमान नसते. विमान होऊ शकतील अशा वस्तू असतात, आणि त्या पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांतून कापून काढायच्या फासळ्या, प्लायवूडचे चार तुकडे, इंजिन बसवण्यासाठी कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या, पोलादी तारेचे पाय, दोन चाके, एक त्रिकोणी पट्टी, घडी घातलेला मोठा नकाशा आणि एका पाकिटात हातरुमालाएवढी घडी केलेले तलम कापड. नागपूरच्या गांधीबागेत तीन पिढ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबात असे खोके दिवाळीच्या सुटीत आले. आणले होते नववीतल्या मुलाने. तो राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, हवाई विभागात दाखल झाला होता आणि सुटीचे काम म्हणून हे विमान जुळवण्याची जबाबदारी शिक्षकांनी त्याच्यावर सोपवली होती.

वडिलांनी खोक्याकडे पाहिले, दहावीचे वर्ष किती महिन्यांवर आले ते मनात मोजले आणि ते दुकानात निघून गेले. लग्नसराईचा माल भरायचा होता. आजोबा मात्र थांबले. घरात त्यांना सगळे आबाजी म्हणतात. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी दुकानाची गादी मुलाकडे सोपवली होती. हाताला थोडा कंप आला होता, आणि कात्रीचा हात थरथरू लागला की गिऱ्हाईक कापडाकडे न पाहता हाताकडे पाहते, हे त्यांनी कोणी सांगण्याआधीच ओळखले होते.

या प्रकारच्या विमानाला ‘कंट्रोल लाइन’ म्हणतात. हे रेडिओच्या लहरींवर चालणारे विमान नव्हे. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी मूठ धरून उभा राहतो. मुठीपासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखात शिरतात आणि विमान त्याच्याभोवती, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, फेर धरते. पंखाच्या पोटात ती त्रिकोणी पट्टी एका बोल्टभोवती हलती बसवलेली असते. मनगट वर झाले की एक तार ओढली जाते, पट्टी फिरते, तिला जोडलेली दांडी शेपटीची आडवी झडप उचलते आणि विमान चढते. मनगट खाली, की विमान खाली. डावे-उजवे वळणे त्याला ठाऊकच नाही.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या जिम वॉकर याने या रचनेचे पेटंट १९४२ साली मिळवले आणि तिच्यावर मोठा धंदा उभारला. पुढे १९५५ साली न्यायालयात ते पेटंट टिकले नाही. त्याच राज्यातल्या ओबा सेंट क्लेअर नावाच्या गृहस्थाने त्याच्याआधीच असे विमान तारांवर उडवले होते, हे तेथे सिद्ध झाले. त्याने ना पेटंट घेतले होते, ना दुकान मांडले होते. व्यापारी घरात हा किस्सा समजावून सांगावा लागत नाही. आबाजींनी तो नातवाच्या तोंडून ऐकला आणि एवढेच विचारले, “मग त्या पहिल्याला काय मिळालं?” मुलाला उत्तर देता आले नाही.

नागपूरला विमानांचा आवाज नवा नाही. देशाच्या मध्यावरचे हे शहर. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांची विमाने रात्री नागपुरात येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या वाटेने परत फिरत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या मुलांपैकी आबाजी एक होते. दिवे सरकताना दिसत. आतले टपाल कोणाचे, हे अर्थात दिसत नसे. आज हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेना नगरात आहे. एनसीसीचा हवाई विभाग १९५० पासूनचा. त्याच्या वार्षिक वायुसैनिक शिबिरांत अशा तारेवरच्या विमानांच्या स्पर्धा असतात. नातू त्याच रांगेत उभा राहू पाहत होता.

खोक्यातले एकेक नग आबाजी हातात घेऊन पाहत होते. बाल्साची फळी तळहातावर तोलून ते म्हणाले, “याला वजनच नाही. मग याचा भाव कशावर ठरतो?” प्रश्न गमतीचा असला तरी नेमका होता, कारण बाल्साचा भाव त्याच्या हलकेपणावर ठरतो. हे लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमधून येते. १९४७ साली ‘कोन-टिकी’ नावाचा तराफा याच लाकडाच्या ओंडक्यांवर प्रशांत महासागर ओलांडून गेला, आणि दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ विमानाच्या भिंतींतही तेच होते.

मग त्यांनी कापडाच्या पाकिटात दोन बोटे घातली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही डोळ्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता; बोटांवर होता.

“हे रेशीम कशाला?”

“पंखांवर चढवायचं असतं, आबाजी. सर म्हणतात, यासारखं दुसरं काही बसत नाही.”

सर चूक सांगत नव्हते. ओले केलेले रेशीम फासळ्यांच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसते, वजनाला नगण्य असते आणि वर लाखेसारखे पातळ लॅकर चढवले की ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाते. विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनी कित्येक वर्षे ते याच कारणांसाठी वापरले. पण या घराच्या दुकानात तीन पिढ्यांत रेशमाचा एक ताकाही आलेला नाही. भंडाऱ्याचा टसर शेजारच्या जिल्ह्यातला, विदर्भाची करवती साडी सर्वत्र नावाजलेली, तरीही नाही. कोषातला जीव उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारल्यावाचून अखंड धागा निघत नाही, आणि एका साडीमागे असे हजारो कोष लागतात. लग्नसराईत गिऱ्हाईक शालू मागे तेव्हा आबाजी स्वतः उठून त्याला शेजारच्या दुकानाची पायरी दाखवत. त्या गिऱ्हाइकाचे बाकीचे बस्त्याचे कापडही मग बहुधा तिथेच फाडले जाई. हा तोटा त्यांनी कधी वहीत लिहिला नाही, पण तो त्यांना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही.

पाकिटाखाली तारेचे रीळ होते. ते मात्र त्यांनी हातातही घेतले नाही.

दर संक्रांतीला आबाजी आणि त्यांचे दोन-तीन समवयस्क जखमी पक्षी गोळा करायला निघतात. पुठ्ठ्याची खोकी, जुने सुती कापड आणि एक स्कूटर, एवढाच सरंजाम. मांजाने पंख कापलेली कबुतरे, बगळे, कधी घुबड. त्यांना सेमिनरी हिल्सवरच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात पोचवायचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यावर वेळोवेळी कान उपटले, तरी दर जानेवारीत झाडांना तो लोंबकळताना दिसतोच. ज्या माणसाने एका घुबडाच्या पंखातून असा धागा तासभर सोडवला, त्याच्या घरात दोन पोलादी तारा आकाशात फिरवण्यासाठी आल्या होत्या.

धर्माचे नाव घेऊन मुलाला गप्प बसवणे सोपे होते, आणि खोके परत पाठवणे त्याहून सोपे. आबाजींनी दोन्ही केले नाही. ते म्हणाले, “रेशमाला पर्याय मी शोधतो. तारेचं उत्तर तू शोध. तोवर लाकडाचं काम चालू दे.”

लाकडाचे काम सुरू झाले. मऊ पुठ्ठ्याच्या फळीवर नकाशा पसरला, डिंक चिकटू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद घातला, आणि नकाशातल्या रेघांवर टाचण्यांनी फासळ्या उभ्या केल्या. डिंकाबद्दल आबाजींची एक शंका होती: सुतार पूर्वी जो सरस वापरत, तो कातडी आणि हाडे उकळून केलेला असे. पण फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला आणि सुतारांच्या चुलीवरची सरसाची भांडी हळूहळू उतरली. या खोक्याला तेवढाच पांढरा डिंक पुरणार होता. इंजिनाच्या पट्ट्यांना इपॉक्सी. तो प्रश्न तिथेच मिटला.

खरा वेळ गेला त्या त्रिकोणी पट्टीवर. ती पंखाच्या आत बसते आणि वरून बाल्साचे पातळ पत्रे चढवले की पुन्हा दिसत नाही. तिचा बोल्ट सैल राहिला, तारेचे टोक नीट गुंडाळले गेले नाही, दांडी कुठे घासली, तर ते कळते विमान हवेत असताना. आणि तेव्हा हात पोचत नाही. मुलाला पंख बंद करण्याची घाई होती. गाठ सोडल्यावर आतला माल वरच्यासारखाच निघतो की नाही, हे पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला ती घाई मानवली नाही. “बंद करण्याआधी ओढून पाहिलंस का?” एवढेच त्यांनी विचारले.

ओढायचे किती, याचे उत्तर नातवाकडे होते. तारेवरच्या कसरतींच्या स्पर्धांत उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा तपासतात. तयार विमान ७०० ग्रॅमच्या आसपास भरणार, म्हणजे ७ किलो. इतवारीतल्या ओळखीच्या धान्य-दुकानातून ५ आणि २ किलोची मापे आणली गेली. पंख दोन खुर्च्यांमध्ये उभा बांधला, पंखातून बाहेर आलेल्या तारा खाली सोडल्या, खाली गादी अंथरली आणि मापे टांगली. ५ किलोला काही झाले नाही. वर २ किलो टांगताच एक तार गुंडाळीतून सटकली आणि दोन्ही मापे गादीवर आदळली. स्वयंपाकघरातून आजी धावत आल्या. मुलाचा चेहरा उतरला होता. आबाजी मात्र ताकेच्या ताके परत पाठवताना जसे शांत असत तसेच होते. दुसऱ्या दिवशी टोके दुमडून, बारीक तांब्याच्या तारेने आवळून पुन्हा गुंडाळली. मापे रात्रभर लटकत राहिली. सकाळी देवदर्शनाहून परतल्यावर आबाजींनी ती स्वतः उतरवली आणि मग पंख बंद झाला.

दरम्यान त्यांचा स्वतःचा शोध चालू होता. नातवाने त्यांना सांगितले होते की राइट बंधूंचे १९०३ चे विमान सुती कापडाने मढवलेले होते. आबाजींनी नाव विचारले, प्रकार विचारला. ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ या छापाचे न धुतलेले मलमल, असे कळल्यावर ते हसले. “म्हणजे कोरा मांजरपाट. जगातलं पहिलं विमान मांजरपाटावर उडालं आणि आपण रेशीम शोधतोय!” पण त्यांच्यातला व्यापारी त्या आनंदात फार वेळ रमला नाही. राइट बंधूंच्या विमानात माणूस बसत होता. या विमानाचा पंख दीड हातांचा. त्यांनी मांजरपाट, वॉयल आणि अस्तराचे पॉलिएस्टर यांचे वीतभर लांब, वीतभर रुंद तुकडे कापले, पाकिटातल्या रेशमाचाही तेवढाच कापला, आणि सराफा ओळीतल्या एका स्नेह्याच्या काट्यावर चारही तोलून आणले. मांजरपाट कधीच बाद झाला. वॉयल जड. अस्तर रेशमाहून थोडे जड भरले, पण चालण्यासारखे होते.

आता प्रश्न ताणाचा. रेशीम ओले करून ताणतात. पॉलिएस्टर इस्त्रीच्या उष्णतेने आकसते, पण सगळे नाही. जे कारखान्यातच तापवून पक्के केलेले असते त्याच्यावर घरची इस्त्री फिरवून उपयोग नसतो. कपडे शिवणाऱ्याला आकसणारे अस्तर नको असते, म्हणून असा एक ताका दुकानाच्या माळ्यावर कित्येक वर्षे पडून होता. शिंप्यांनी परत आणलेला, तक्रारींचा धनी. आबाजींना तो बरोबर आठवला. कोपऱ्यावर इस्त्री टेकवली आणि कापड डोळ्यांदेखत आक्रसले. दुकानात ज्या दोषामुळे ते विकले गेले नाही, तोच इथे गुण होता.

फासळ्यांवर आधी फर्निचरवाले वापरतात ते पातळ एनसी लॅकर लावून वाळू दिले, मग कापड ठेवून वरून थिनरचा कुंचला फिरवला. खालचे लॅकर विरघळून कापडात शिरले आणि पकड बसली. त्यानंतर इस्त्री, आणि इस्त्री दूर ठेवून दिल्यावर लॅकरचे पुढचे हात, कारण लॅकर भडकणारा पदार्थ आहे. हे काम फक्त दुपारी होई. संध्याकाळी दिवा लागला की चिलटे येतात आणि ओल्या लॅकरला चिकटतात, ही अट आबाजींची. तिचा व्यावहारिक फायदाही झाला: पंख आरशासारखा निघाला.

मुलाचे उत्तर पुरे व्हायला डिसेंबर उजाडला. त्याने आधी गणित मांडले. तार १६ मीटर, म्हणजे एक फेरा सुमारे १०० मीटर. तो ५ सेकंदांत पुरा झाला तर ७०० ग्रॅमचे विमान हाताला जवळजवळ पावणेदोन किलोच्या ओढीने बाहेर खेचते. ही ओढ आहे तोवरच विमान ताब्यात. तार सैल पडली की मूठ कितीही हलवा, विमान ऐकत नाही. म्हणून ते सतत बाहेर ओढले जावे अशीच त्याची घडण असते: उजव्या पंखाच्या टोकात थोडे शिसे, इंजिनाचे तोंड किंचित बाहेर, शेपटीचे उभे पातेही बाहेर वळलेले.

आबाजींनी ऐकून घेतले. “हे विमानाचं झालं. पक्ष्याचं काय?”

मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, “मांजा कापला गेला की तो कोणाचाच राहत नाही, आबाजी. म्हणून झाडावर लटकतो. या तारेची दोन्ही टोकं आपल्या हातात असतात. जेवढी सोडली तेवढी परत गुंडाळायची.”

“मग हिशेब ठेव,” आबाजी म्हणाले, आणि त्यांनी दुकानातली एक कोरी वही काढून दिली. डावीकडे गेलेली तार, उजवीकडे आलेली. याशिवाय अटी ठरल्या. संक्रांतीच्या आठवड्यात उडवायचे नाही. सूर्य कलल्यावर नाही. वर्तुळात पक्षी उतरला तर थांबायचे. विजेच्या तारा जवळ असलेल्या मैदानात पाऊलही टाकायचे नाही; ही शेवटची अट मुलाची, कारण पोलादी तार विजेच्या तारेला लागली तर मूठ धरणाऱ्याचा जीव जातो. पथकात पहिल्या दिवशी हेच शिकवले होते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उमरेड रस्त्याकडच्या एका मोकळ्या पटांगणात विमान नेले. गवत वाळून पिवळे झाले होते, हिरवळ तुडवण्याचा प्रश्न नव्हता. आधी अर्धा तास आबाजींनी मैदानातला आणि कडेच्या बाभळींवरचा उरलेला मांजा गोळा करून पिशवीत भरला. मग स्प्रिंगच्या काट्याने तारा ओढून पाहिल्या. काटा ७ वर गेला आणि थांबला. मिथेनॉल आणि एरंडेलाचे इंधन टाकीत भरले, तोच दोन टिटव्या वर्तुळाच्या बरोबर मध्याकडे चालत आल्या. वडीलही त्या दिवशी आले होते, दुकान उघडायची वेळ होत आली होती, ते घड्याळ पाहत होते. आबाजी काही बोलले नाहीत. मुलानेही काही न विचारता मूठ खाली ठेवली. टिटव्यांना कसली घाई नव्हती. वीस मिनिटांनी त्या ओरडत उडाल्या, आणि मग इंजिन सुरू झाले.

मागून शेपटी धरून विमान सोडणारा एक माणूस लागतो. ते काम आबाजींनी घेतले होते. हाताला कंप असला तरी इथे फक्त धरायचे आणि सांगितल्यावर सोडायचे होते. मुलाने मान हलवली, त्यांनी हात उघडला. विमान गवतावरून दहा-बारा पावले धावले, वर आले, आणि तारा ताठ झाल्या. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत ते घाबरलेल्या वासरासारखे वर-खाली होत होते. मुलगा स्वतःभोवती फिरत होता आणि शिकवल्याप्रमाणे नजर फक्त विमानावर ठेवत होता. जमिनीकडे पाहिले की चक्कर येते. मग मनगट स्थिर झाले. एरंडेलाच्या धुराचा वास पटांगणभर पसरला. “रेसच्या मोटारींचा वास असाच येई,” वडील म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहायचे विसरले. तीनेक मिनिटांनी इंधन संपले, आवाज एकदम थांबला, आणि विमान आणखी एक फेरा नुसते तरंगत येऊन गवतावर टेकले. एक चाक निखळून पुढे घरंगळत गेले. ते शोधायलाच सर्वांत जास्त वेळ लागला.

वहीत पहिली नोंद झाली: तारा दोन, प्रत्येकी १६ मीटर गेल्या, दोन, प्रत्येकी १६ मीटर आल्या. खाली आबाजींची सही, थोडी थरथरलेली.

रेशमाचे पाकीट मुलाने शिक्षकांना परत दिले, वीतभर तुकडा कापलेला असल्याचे सांगून. शिक्षकांनी पंखावर बोटांनी टिचकी मारून पाहिली, आणि पुढच्या आठवड्यात निरोप आला की पथकातल्या आणखी दोन विमानांसाठी ते अस्तर हवे आहे, असेल तेवढे. ताक्यात बरेच मीटर उरले होते. पैसे घ्यावेत की नाही, यावर दुकानात दोन मते पडली. वडील म्हणाले, मुलांसाठी आहे, तसेच देऊन टाकू. माळ्यावर पडूनच तर होते. आबाजींना ते पटले नाही. त्यांनी चष्मा लावला, बिलबुक ओढले आणि खरेदीच्या भावाने बिल केले. मालाच्या रकान्यात त्यांनी लिहिले: ‘अस्तर, आकसणारे.’